वाळायला ऊन मिळालं नाही : गोरेगावच्या एका तबेल्यातलं पेंढ्याचं प्रकरण

२०२५ च्या जुलैचा दुसरा आठवडा. सकाळी सातला फोन वाजला. "डॉक्टरताई, म्हशी खाईनात. ताप नाही, रवंथ करतात, पेंड टाकली तर चाटूनपुसून खातात. पण पेंढा पुढे टाकला की तोंड फिरवतात. आज चौथा दिवस."

फोन गोरेगाव पूर्वेच्या एका तबेल्यातून होता. मालकांना मी दादा म्हणते. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण दुधाच्या धंद्यात गिऱ्हाईक एका शंकेनेही तुटतं, आणि या प्रकरणात त्यांची चूक असलीच तर फार थोडी आहे. मी पशुवैद्यक आहे, परळला शिकले, आणि पश्चिम उपनगरांतल्या तबेल्यांत माझी फिरती असते. हवामान बदलामुळे वैरणीचं काय होतं, याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक दुष्काळाबद्दल असतं: करपलेली ज्वारी, चारा छावण्या, टँकर. ते खरंच आहे. पण मुंबईच्या म्हशीपर्यंत हा बदल पोचतो तो ओलाव्याच्या वाटेने. वैरण उगवते भरपूर, तिला वाळायला ऊन मिळत नाही. दादांच्या तबेल्यात मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, म्हणून ते सगळं लिहून काढते.

दादांचं कुटुंब मूळ मुरबाड तालुक्यातलं. आजोबा मुंबईत आले तेव्हा आरे दुग्ध वसाहत नवीकोरी होती. शहरभर विखुरलेले तबेले एका जागी आणायचे म्हणून १९४९ मध्ये ती वसवली, सुमारे १६ हजार जनावरांची सोय धरून. आजोबा तिथे दुसऱ्याच्या म्हशी धूत. आज नातवाच्या दावणीला १८ म्हशी आहेत, दोन जाफराबादी आणि बाकी मुऱ्हा. भाकड झालेली, म्हणजे दूध आटलेली म्हैस मुरबाडला चुलतभावाकडे जाते, व्यायला आली की टेंपोतून परत येते. त्यामुळे तबेल्यात उभी असलेली जवळजवळ प्रत्येक म्हैस दुधात असते, आणि दुधातल्या म्हशीला पोटाशी तडजोड चालत नाही.

वैरण तीन वाटांनी यायची. ओला चारा म्हणजे पॅरा गवत. आरेच्या पाणथळ पट्ट्यांत, गोठे धुतलेल्या शेणपाण्यावर ते वर्षभर वाढतं. सुका चारा म्हणजे भाताचा पेंढा, वाडा-विक्रमगडच्या बाजूचा. तिकडे त्याला पावली म्हणतात. तिसरा देशावरचा कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं. शिवाय सरकी पेंड, चुणी आणि मक्याची भरड.

मुंबईने आपल्या गुरांसाठी चारा बाहेरून आणायचा, ही गोष्ट आजची नाही. चर्नी रोड हे नाव चरणीवरून पडलं असं मानणारे एक कथा सांगतात: सरकारने मैदानावर चराईचा कर लावला, तो गरिबांना झेपेना, तेव्हा जमशेटजी जिजीभाईंनी १८३८ मध्ये पदरचे पैसे घालून ठाकूरद्वारजवळ कुरणाची जमीन घेतली. आता चर्नी रोडला गवताची काडी नाही, आणि गोरेगावातही पॅरा गवताची पट्टी सोडली तर सगळं ट्रकने येतं. ज्याची वैरण दुसऱ्याच्या शेतात पिकते, त्याला दुसऱ्याच्या शेतावरच्या हवामानाचं ओझंही उचलावं लागतं.

दादांच्या बाबतीत त्या ओझ्याची सुरुवात कडब्याने झाली. २०२३ चा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबर अखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. काही जिल्ह्यांनी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, आणि त्यांनी ती घालायलाच हवी होती. आपली जनावरं उपाशी ठेवून मुंबईला गाड्या भरून द्या, असं कोण कुणाला सांगेल? पण दादांचा कडबेवाला त्या हंगामात तुटला तो तुटलाच. पुढच्या वर्षी भाव एवढा होता की दादांनी कडब्याचा नाद सोडला आणि सगळी भिस्त पेंढ्यावर ठेवली. तीन पायांची तिवई दोन पायांवर आली.

पावसाळ्याची बेगमी हा तबेल्याच्या वर्षातला सगळ्यांत मोठा व्यवहार असतो. म्हशीला रोज ६ किलो पेंढा, १८ म्हशी, जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण १३० दिवस. हिशेब १४ टनांवर जातो. दादांच्या माळ्यावर मावतो ६ टन. उरलेला ८ टन ते दोन गाड्यांत आणतात: एक मेच्या मध्याला, दुसरी जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या गाडीतला थोडा पेंढा खपून जागा झाली की. मृग ७-८ जूनला लागतो आणि मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. हे गणित दादांच्या वडिलांनी बसवलं होतं आणि चाळीस वर्षं ते चुकलं नव्हतं.

२०२५ मध्ये मे महिनाच पावसाचा निघाला. पहिल्या आठवड्यात वादळी सरी झाल्या. विसाव्या तारखेनंतर आभाळ उघडलंच नाही. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आजवरच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीचा विक्रम २९ मे १९५६ चा होता. कुलाबा वेधशाळेत त्या सकाळपर्यंत मे महिन्याचा पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला आणि १९१८ चा विक्रमही मोडला.

पहिली गाडी १८ मे रोजी उतरली होती. गाठी तबेल्यामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली होत्या, कारण माळ्याचे दोन पत्रे बदलायचे होते आणि पत्रेवाला जूनच्या पहिल्या तारखेला येणार होता. ताडपत्रीने वरचं पाणी अडवलं. खालचं कोण अडवणार? जमिनीवरून वाहत आलेलं पाणी सगळ्यांत खालच्या थराने शोषून घेतलं. दुसरी गाडी तर वाड्यातच होती, शेतकऱ्याच्या खळ्यावर उघड्या गंजीत. तीही भिजली. शेतकऱ्याने दोन दिवसांची उघडीप बघून ती उलटीपालटी केली, वरवर वाळवली आणि जूनमध्ये गाठी बांधून पाठवली. त्याने फसवलं असं मला वाटत नाही. गाठ बाहेरून खडखडीत लागत होती.

दादांची आई त्या दिवशी दाराशी बसून होती. मला म्हणाली, "बाय, रोहिनी लागली तवाच पावसानं धरलं. आमच्या टायमाला मिरगाआधी शाकारणी व्हायची, पेंढा माळ्यावर चढायचा, मंग म्हणायचो, ये आता. आता तो विचारूनच येत नाय." तिच्या बोलण्यातला राग मला समजत होता. ज्या नक्षत्रात कामं आटपायची त्याच नक्षत्रात पाऊस आला, तर चाळीस वर्षांचं शहाणपण एका आठवड्यात निरुपयोगी होतं.

मी गव्हाणीपाशी गेले. आदल्या रात्री टाकलेल्या पेंढ्यातला अर्ध्याहून जास्त तसाच होता. म्हशींनी वरवरचं निवडून खाल्लं होतं आणि गुच्छ बाजूला सारले होते. एक नवी गाठ फोडायला सांगितली. दोरी तुटताच राखाडी धूळ उडाली आणि कुबट, गोडसर वास आला. आत हात घातला तर गाठीचा गाभा कोमट लागला. जिवंत बुरशी आणि जिवाणू काम करत असले की पेंढा असा तापतो. फार तापला तर गंजी आपोआप पेटल्याची उदाहरणंही आहेत. साठवायच्या पेंढ्यात ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा. २० च्या वर गेला की बुरशी धरणारच, मुंबईच्या जुलैच्या हवेत तर हमखास.

मग मी एकेका म्हशीच्या शेपटीचं टोक, कानांच्या कडा आणि खुरांच्या वरची कातडी तपासली. दादांना कळेना मी काय शोधते आहे. बुरशी लागलेला भाताचा पेंढा खाऊन म्हशींना डेगनाला नावाचा आजार होतो. फ्युजेरियम जातीच्या बुरशीच्या विषाने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि जिथे रक्त शेवटी पोचतं ती टोकं सुकून काळी पडतात, सडून गळतातही. हा आजार मूळचा पंजाबातला, हिवाळ्यातला. माझ्या फिरतीत मी तो पाहिलेला नाही, आणि त्या दिवशीही सगळ्या शेपट्या शाबूत निघाल्या. तरी मी पुढचे दोन महिने दर आठवड्याला त्या बघत राहिले.

नुकसान झालं ते न दिसणारं होतं. मेच्या सुरुवातीला रोजचं दूध १२० लिटरच्या आसपास होतं. जुलैच्या मध्याला ९८ वर आलं. दुधातली फॅट ७ टक्क्यांवरून ६.३. चार म्हशींचं शेण पातळ झालं होतं. दादा म्हणाले, "पॅरा वाढवलं ना मी. पेंढा खात नाहीत तर हिरवं टाका म्हटलं." पोट भरायचं म्हणून त्यांनी केलेलं हे स्वाभाविक होतं, पण पावसाळ्यातल्या पॅरा गवतात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं. ढगाळ दिवसांत वाढलेल्या गवतात साखरही कमी बनते. म्हैस दिवसभर चघळत राहते, पोट टम्म दिसतं, आणि कोरडं अन्न मात्र पुरेसं जात नाही. ५०० किलोच्या दुभत्या म्हशीला रोज १२ ते १५ किलो कोरडं अन्न लागतं. खरखरीत तंतू कमी झाला की रवंथ कमी होतो, फॅट उतरते.

पेंढ्याचंही एक मर्म सांगायला हवं. भाताचा पेंढा चांगला असला तरी गरीबच अन्न: प्रथिनं ३ ते ४ टक्के, वाळूसारखी सिलिका भरपूर. म्हशीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना एकूण आहारात निदान ७ टक्के प्रथिनं मिळाली नाहीत तर तेच उपाशी राहतात आणि चारा पचवायचं काम मंदावतं. अशा पेंढ्यावर पाऊस पडला की जी थोडी विरघळणारी साखर आणि क्षार असतात ते धुऊन जातात. मागे उरतो लाकडासारखा सांगाडा. वजनकाट्यावर टन तेवढाच भरतो, बिल तेवढंच येतं. चाऱ्याच्या तुटवड्याचे आकडे टनांत मोजले जातात, म्हणून हा तोटा कुठल्याच आकड्यात उतरत नाही.

हवेत वाढणाऱ्या कर्बवायूचा हिशेब यात वेगळा मिळवायचा. भातासारखी पिकं जास्त कर्बवायूत जोमाने वाढतात, पण त्यांच्यातला नत्राचा वाटा घटतो. उघड्या शेतांत केलेल्या प्रयोगांत तांदळातली प्रथिनं सुमारे १० टक्क्यांनी कमी भरली. ज्वारी, मका, पॅरा आणि नेपियर गवत या पिकांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्याने त्यांना हा फटका कमी बसतो. ज्वारीवर मात्र दुसरं संकट आहे: पाण्याच्या ताणात अडकलेल्या कोवळ्या धाटांत सायनाइडसारखं विष साठतं. त्यालाच देशावर किरळ लागणं म्हणतात.

त्या सकाळी मला जास्त काळजी पेंडीची वाटली. पेंढा कमी खाल्ला म्हणून दूध उतरलं, दूध उतरलं म्हणून दादांनी सरकी पेंड आणि भरड वाढवली होती. ती पोती त्याच दमट खोलीत, भिंतीला टेकवून. पेंड आणि मका ही अफ्लाटॉक्सिनची आवडती घरं. म्हशीच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही अंश दिवसभरात दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. हे दूध ज्या घरांत जातं तिथे तान्ही बाळं आहेत. मी दादांना तसं सरळ सांगितलं. ते गप्प झाले, मग गड्याला हाक मारून तीन पोती बाहेर काढायला लावली. त्या पोत्यांचे पैसे त्यांच्या महिन्याच्या हिशेबात फार मोठे होते. त्यांनी एकदाही त्यांचा उल्लेख केला नाही.

बुरशीच्या गाठी निवडून काढल्या तेव्हा जवळजवळ ५ टन बाद झाल्या. दादा म्हणत होते, उन्हात टाकून झटकून वापरू. मी अडवलं. झटकल्याने धूळ जाते, विष जात नाही, आणि जुलैत ऊन होतं कुठे? त्यांनी गाठी खतासाठी दिल्या.

लगेच करण्यासारखं काय होतं? मुरघास. हिरवा मका दाणा चिकात असताना कापून, कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करून, हवा काढून दाबून ठेवला की ४५ दिवसांत आंबून तयार होतो. त्याला वाळवावं लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. नाशिक-संगमनेर भागातून मुरघासाच्या बॅगा मिळतात. दादांनी त्या घेतल्या, हळूहळू वाढवत म्हशीमागे १० किलोपर्यंत नेल्या, चांगला उरलेला पेंढा कुट्टी करून त्यात मिसळला, वर क्षार मिश्रण. ऑगस्टच्या अखेरीस दूध ११२ लिटरवर आलं. फॅट लवकर सावरली. खर्च मात्र लिटरमागे वाढला तो वाढलाच, आणि रतीबाचा भाव वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही.

माळ्याचे पत्रे बदलले. जमिनीवर विटा आणि लाकडी फळ्यांचा वीतभर उंच ओटा केला, भिंतीपासून हात सोडून. आणि दादांना मी मीठ-बरणीची परीक्षा शिकवली: कोरड्या काचेच्या बरणीत पेंढ्याचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालायचं, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं, थोडं थांबायचं. मीठ सुटं राहिलं तर पेंढा साठवायला ठीक. काचेला चिकटलं, गोळा झालं, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. दाण्यासाठी वापरतात ती ही जुनी युक्ती आहे, यंत्राची सर नाही, पण गाडी उतरवून घ्यायच्या आधी पाच मिनिटांत उत्तर देते. गाठीच्या गाभ्यातला पेंढा घ्यायचा, बाहेरचा नाही.

खरी परीक्षा पुढच्या हंगामात झाली. ऑक्टोबर हा कोकणपट्टीत कापणीचा महिना. भात कापून शेतातच पसरतात, दोन-चार उन्हं खाऊ देतात, मग भारे बांधून झोडणी. २०१९ मध्ये याच दिवसांत क्यार वादळ अरबी समुद्रात उठलं होतं आणि ठाणे-पालघरचं कापलेलं भात पाण्यात तरंगत होतं. पाठोपाठ महा आलं. २०२५ मध्येही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात समुद्रातल्या कमी दाबामुळे पाऊस परतला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढलेले हेलकावे आहेत. पेंढ्याला उन्हाच्या दोन खिडक्या असतात, कापणीनंतरची आणि मेमधली. एकाच वर्षात दोन्ही बंद झाल्या.

दादांनी वाड्याच्या शेतकऱ्याला फोन लावला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडून आवाज आला, "दाणा कसातरी वाचवला भाऊ, पावली काळी पडंल आता. तिला कोण विचारतंय." पंचनामा भाताच्या क्षेत्राचा होतो, पेंढ्याचं नुकसान त्याचं त्यालाच. मला ते बोलणं लागलं, कारण त्या काळ्या पावलीचाच पुढे जुलैमधला फोन होतो.

भिजून दोन-तीनच दिवस झाले होते, बुरशी अजून धरली नव्हती. अशा पेंढ्यासाठी एक मार्ग आहे. युरिया प्रक्रियेत १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडतात, तुडवून हवा काढतात आणि प्लास्टिकने घट्ट झाकून २१ दिवस ठेवतात. युरियातून सुटणारा अमोनिया तंतू सैल करतो, प्रथिनांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं आणि बुरशीलाही तो वाढू देत नाही. एरवी पाणी बाहेरून घालावं लागतं. इथे पावसाने ते आधीच घातलेलं होतं, म्हणून आम्ही युरिया थोड्याच पाण्यात विरघळवला. मी बजावलेल्या गोष्टी तीन होत्या. बुरशी लागलेली पावली यात घालायची नाही. सहा महिन्यांखालच्या पारड्यांना हा चारा द्यायचा नाही. आणि उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवल्याशिवाय गव्हाणीत टाकायचा नाही.

शेतकरी आधी तयार नव्हता. युरिया भाताला टाकायचा की पेंढ्याला, हा त्याचा प्रश्न रास्त होता. दादांनी युरियाचे आणि प्लास्टिकचे पैसे दिले, आणि काळ्या पावलीला पांढऱ्या पावलीचा भाव कबूल केला. ८ नोव्हेंबरला त्याच्या खळ्यावर २ टनांचा ढीग झाकला. उरलेल्यातली जी गाडी मीठ-बरणीत पास झाली नाही ती दादांनी परत केली नाही, शेतकऱ्याकडेच आणखी आठ दिवस उन्हाला ठेवायला सांगितली. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ऊन चांगलं पडलं.

२९ तारखेला झाकण काढलं. डोळ्यांत पाणी आणणारा वास, पिवळट तपकिरी रंग, काडी बोटांत मऊ. गोरेगावात म्हशींनी पहिल्या दिवशी हुंगून सोडला. चौथा हिस्सा साध्या पेंढ्यात मिसळून सुरुवात केली. पाचव्या दिवशी गव्हाण तळापर्यंत चाटलेली होती.

त्या संध्याकाळी दादांचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. पुढच्या पावसाळ्याचा पेंढा मेऐवजी फेब्रुवारीतच भरायचा त्यांनी ठरवलं होतं, ऊन खात्रीचं असतं तेव्हा. १४ टनांना छप्पर हवं आणि माळा आहे ६ टनांचा. शेजारची १० बाय २० ची शेड भाड्याने मिळते आहे, चार महिने आधीपासून भाडं भरायचं. "ताई, पेंढ्याच्या किमतीपेक्षा त्याला ठेवायचं भाडं जास्त होतंय. मुरबाडला ठेवून आठवड्याला टेंपोने आणला तर?" आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन डिझेलचा हिशेब मांडत बसलो.